डेव्हिड राइटचं प्रकरण: कॅप्टन, त्याची पाठ आणि विम्याचं गणित

२०१८ चा ऑगस्ट महिना. न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल क्लबचा कॅप्टन डेव्हिड राइट मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगच्या, मॅचेस खेळतोय. वय ३५, मे २०१६ नंतर मेट्सकडून एकही मॅच नाही, मधल्या काळात मान, खांदा आणि पाठ अशी तीन ऑपरेशनं, आणि तरी तो म्हणतोय मला परत खेळायचंय. क्लबवाले म्हणतायत, घाई नको, अजून तो त्या लेव्हलला आलेला नाही. आणि न्यूयॉर्कचे पत्रकार उघडउघड विचारतायत की बाबांनो, तो खरंच तयार नाहीये, की तो मैदानात उतरला तर विमा कंपनीकडून येणारे पैसे थांबतील म्हणून तुम्ही त्याला अडवताय?

बातम्यांत जे आकडे आले होते ते असे की राइटचा पगार वर्षाला २ कोटी डॉलर, आणि दुखापतीमुळे तो ६० दिवस बाहेर राहिला की त्यानंतर त्या पगाराचे ७५ टक्के विमा कंपनी क्लबला भरून देणार. म्हणजे पूर्ण वर्ष बाहेर बसला तर जवळपास दीड कोटी डॉलरपर्यंत क्लबचे वाचणार, आणि टीममध्ये घेतला की मीटर बंद, परत बाहेर गेला की ६० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

खेळाडूचं करिअर नेमकं संपतं कधी आणि ते संपलं असं ठरवतं कोण, तो स्वतः, डॉक्टर, क्लब की विमा कंपनी, हे बघायचं असेल तर माझ्या मते याच्याइतकं चांगलं प्रकरण नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. बेसबॉल न बघणाऱ्यांनाही कळेल असं लिहायचा प्रयत्न आहे, जाणकारांनी थोडं सांभाळून घ्या.

आला कुठून

राइटचा जन्म २० डिसेंबर १९८२, व्हर्जिनियातलं नॉरफोक. वडील पोलिसात. नॉरफोकमध्ये तेव्हा टाइड्स नावाची टीम होती जी मेट्सच्या हाताखालची, मेजर लीगच्या (सगळ्यात वरच्या लीगच्या) एक पायरी खालची, त्यामुळे न्यूयॉर्कपासून शेकडो मैलांवर राहूनसुद्धा हा पोरगा लहानपणापासून मेट्सचा फॅन. २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, मेट्सनीच त्याला ३८ व्या नंबरवर उचललं. तो ३८ वा नंबर मेट्सकडे आला कसा याचीही गंमत आहे. माइक हॅम्प्टन नावाचा त्यांचा पिचर (आपल्या भाषेत बॉलर) २००० च्या सीझननंतर कोलोरॅडो रॉकीजकडे गेला, ८ वर्षांचे १२ कोटी १० लाख डॉलर घेऊन, आणि तो गेल्याची भरपाई म्हणून मेट्सना जास्तीचा पिक, म्हणजे निवडीची एक जादा पाळी, मिळाला. पुढे हॅम्प्टनचा तो करार बेसबॉलमधल्या सगळ्यात फसलेल्या करारांमध्ये गणला गेला, कोपराच्या दुखापतीत त्याची २००६ आणि २००७ ही दोन वर्षं पूर्ण गेली. आणि त्याच्या बदल्यात आलेल्या पोरावर मेट्सची पुढची दहा वर्षं उभी राहिली. पण लांबलचक कराराचा फास पुढे त्यांच्याच गळ्यात यायचा होता.

२१ जुलै २००४ ला पहिली मॅच, शे स्टेडियमवर, समोर माँट्रियल एक्सपोज. वय २१, जर्सी नंबर ५, जागा थर्ड बेस.

थर्ड बेस म्हणजे काय भानगड

हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बॅट्समन उभा राहतो त्या होम प्लेटपासून थर्ड बेस ९० फुटांवर. बहुतेक बॅट्समन उजव्या हाताचे आणि उजव्या हाताचा माणूस जोरात बॅट फिरवून बॉल ओढतो तेव्हा तो याच बाजूला येतो, जमिनीवरून, ताशी दीडशे किलोमीटरच्या वर स्पीडने. म्हणून अमेरिकेत या जागेला हॉट कॉर्नर म्हणतात. आपल्याकडच्या माणसाला सांगायचं तर सिली पॉइंटवर उभं राहायचं, पण नुसता कॅच घेऊन सुटका नाही, तिथून उठून लगेच आख्ख्या पिचच्या दुप्पट लांब डायरेक्ट थ्रो मारायचा. थर्ड बेसपासून फर्स्ट बेसपर्यंतचं अंतर १२७ फूट आहे, आणि तो थ्रो बऱ्याचदा वाकलेल्या, तोल गेलेल्या अवस्थेतून, पळता पळता करावा लागतो. वर्षाला १६२ मॅचेस. कंबर वाकवून तयारीत उभं राहणं, डाव्या उजव्या बाजूला सूर मारणं, उठणं, फेकणं. त्यात बॅटिंगचा प्रत्येक स्विंग म्हणजे कंबरेला पीळ. सगळा भार पाठीवर येतो.

राइट या जागेवर भारी होता. ९ ऑगस्ट २००५ ला सॅन डिएगोत ब्रायन जाइल्सचा उंच मागे चाललेला बॉल त्याने पाठमोरं धावत जाऊन, ग्लोव्ह नसलेल्या उघड्या हाताने, सूर मारून पकडला होता. तो व्हिडिओ शोधून बघा, मी वर्णन करण्यात अर्थ नाही.

२००५ ते २००८ ही चार वर्षं पटकन सांगतो कारण तिथे काही वाद नाही. चारही वर्षं सरासरी ०.३०० च्या वर (म्हणजे दर दहा वेळेला तीनहून जास्त हिट्स, बॉल मारून बेस गाठणं), चारही वर्षं शंभरच्या वर आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटिंगमुळे आलेले रन. २००७ मध्ये ३० होम रन (आपले सिक्सर म्हणा) आणि ३४ स्टील्स (पिचरचं लक्ष चुकवून पळत पुढचा बेस गाठणं) एकाच वर्षात, २००८ मध्ये ३३ होम रन, १२४ आरबीआय. दोन गोल्ड ग्लोव्ह (फील्डिंगचं बक्षीस), दोन सिल्व्हर स्लगर (बॅटिंगचं). २००६ मध्ये ६ वर्षांचा ५ कोटी ५० लाखांचा करार झाला जो नंतर बघता मेट्सना जवळजवळ फुकटात पडला. टीमचं मात्र रडगाणंच, २००६ ला वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे फायनलच्या, दारात जाऊन हरले, २००७ ला १७ मॅचेस बाकी असताना ७ मॅचेसची आघाडी होती तीही घालवली.

मग २००९. मेट्स नव्या सिटी फील्डवर गेले, तिथल्या भिंती लांब आणि उंच, आणि राइटचे होम रन ३३ वरून थेट १० वर. लोक म्हणाले ग्राउंडमुळे त्याचं डोकं फिरलं, आणि ते थोडं खरंही असेल, २०१२ च्या आधी मेट्सनी त्या भिंती पुढे आणल्या आणि ठेंगण्या केल्या. २००९ च्याच ऑगस्टमध्ये मॅट केन या पिचरचा दीडशे किलोमीटरचा बॉल हेल्मेटवर बसला, कन्कशन झालं, दोन आठवड्यांनी परत आला तेव्हा डोक्यावर इतकं मोठं हेल्मेट होतं की लोक हसत होते. पण या दोन्ही गोष्टींतून तो बाहेर आला, २०१० ला परत २९ होम रन.

१९ एप्रिल २०११

माझ्या मते प्रकरण इथे सुरू होतं. ह्यूस्टनविरुद्ध कार्लोस ली थर्ड बेसकडे येत होता आणि त्याला टॅग करायला (हातातल्या बॉलने शिवून आउट करायला) राइटने सूर मारला. ली म्हणजे धिप्पाड माणूस. राइट उठला, खेळत राहिला, आणि जवळपास महिनाभर तसाच दुखऱ्या पाठीने खेळला. मग तपासणी झाली, कंबरेच्या मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर. जुलैच्या शेवटी परत आला. त्या वर्षी १०२ मॅचेस.

महिनाभर त्या फ्रॅक्चरवर खेळायला कोणी लावलं? कोणीच नाही. तो स्वतः खेळला, कारण तो तसाच होता, बसायला सांगितलं तरी बसणारा नव्हता. या गोष्टीचं त्या काळात खूप कौतुक झालं. मला ते कौतुक जरा खटकतं. दुखणं लपवून खेळणारा खेळाडू सगळ्यांना आवडतो, बिल कोणाला भरावं लागतं ते नंतर कळतं.

२०१२ चा करार: मूर्खपणा होता का

आता क्लबच्या बाजूने बघू. २०१२ च्या शेवटी मेट्सनी राइटला २०२० पर्यंत बांधून घेतलं, ८ वर्षं, १३ कोटी ८० लाख डॉलर, तेव्हापर्यंतचा क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार. पुढे काय झालं ते माहीत असल्यामुळे आज कोणीही म्हणेल की ३० वर्षांच्या, मणक्यात फ्रॅक्चर होऊन गेलेल्या माणसाला आठ वर्षं कशाला. पण तेव्हाची परिस्थिती बघा. मालक विलपॉन कुटुंब बर्नी मॅडॉफच्या गुंतवणूक घोटाळ्याच्या कोर्टकचेरीतून नुकतंच बाहेर पडलेलं, वर्षभरापूर्वी होसे रेयेस हा दुसरा लाडका खेळाडू मायामीकडे गेलेला आणि मेट्सनी त्याला अडवलंही नव्हतं, त्यामुळे फॅन्सच्या मनात एकच, यांच्याकडे पैसे संपलेत. त्यात राइटही गेला असता तर स्टेडियमात काळं कुत्रं फिरकलं नसतं. आणि राइटने २०१२ मध्ये ०.३०६ सरासरी, २१ होम रन मारून दाखवले होते, १५६ मॅचेस खेळून. म्हणजे पाठ बरी झाली होती, असं दिसत तरी होतं.

तेव्हा माझं मत असं की निर्णय चुकीचा नव्हता, कालावधी जास्त होता. पाच वर्षं ठीक होतं. पण पाच वर्षांच्या करारावर तो मेट्सकडे राहिला असता का, हा प्रश्न आहेच, आणि अमेरिकन बेसबॉलमध्ये करार पूर्ण गॅरंटीड असतो, म्हणजे खेळाडू दुखापतीने बाहेर बसला तरी पगार पूर्ण. त्यामुळेच क्लब अशा करारावर विमा उतरवतात. प्रीमियम भरपूर असतो, आणि आधी दुखावलेला भाग विमा कंपन्या बऱ्याचदा वगळायला बघतात, म्हणून सगळ्याच करारांवर विमा मिळतो असंही नाही. राइटच्या करारावर तो होता. संपूर्ण प्रकरणात क्लबने केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम कोणतं असेल तर हे.

मार्च २०१३ मध्ये त्याला कॅप्टन केलं, मेट्सच्या इतिहासातला चौथा, कीथ हर्नांडेझ, गॅरी कार्टर आणि जॉन फ्रँको यांच्यानंतर. बेसबॉलमध्ये कॅप्टनला फील्डिंग लावायची नसते की टॉस करायचा नसतो, ते सगळं मॅनेजरचं काम, बऱ्याच टीम्समध्ये तर कॅप्टनच नसतो. तो नुसता मान आहे. त्याच महिन्यात वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशादेशांच्या स्पर्धेत इटलीविरुद्ध ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर आपली माणसं असताना होम रन) मारला आणि लोक त्याला कॅप्टन अमेरिका म्हणायला लागले.

२०१३ ला ०.३०७, पण हॅमस्ट्रिंगमुळे ११२ मॅचेस. २०१४ ला खांदा दुखत होता, १३४ मॅचेसमध्ये फक्त ८ होम रन. तिथे शंका यायला हवी होती.

स्टेनोसिस

एप्रिल २०१५ मध्ये हॅमस्ट्रिंग गेली, साधी दुखापत, दोनतीन आठवड्यांची गोष्ट. त्यातून बरा होत असताना पाठ धरली आणि मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं स्पायनल स्टेनोसिस. मणक्याच्या मधून नसा जातात ती पोकळी अरुंद होते आणि नसा दाबल्या जातात, हे आपल्याकडे घरोघरी कोणा ना कोणाला असतं, पण साधारण साठीनंतर. राइट ३२ वर्षांचा होता. त्याची ती पोकळी जन्मापासूनच नेहमीपेक्षा अरुंद होती, त्यावर दहा वर्षांचं थर्ड बेस आणि ते फ्रॅक्चर. हा आजार बरा होत नाही, सांभाळायचा असतो. लॉस एंजेलिसच्या डॉ. रॉबर्ट वॉटकिन्स यांच्याकडे उपचार झाले, ऑपरेशन न करता व्यायामावर भर, आणि मग रोज मॅचच्या कितीतरी तास आधी येऊन नुसतं अंग मोकळं करणं. बाकीचे खेळाडू बॅटिंग प्रॅक्टिसला यायचे तेव्हा याचा अर्धा दिवस संपलेला असायचा.

२४ ऑगस्ट २०१५ ला फिलाडेल्फियात तो परत आला आणि पहिल्याच बॅटिंगला होम रन, दुसऱ्या मजल्यावर. त्या दिवशी मेट्सनी ८ होम रन मारले आणि १६-७ ने जिंकले. मेट्स त्या वर्षी वर्ल्ड सिरीजला पोचले आणि ३० ऑक्टोबरला, सिटी फील्डवरच्या पहिल्यावहिल्या वर्ल्ड सिरीज मॅचमध्ये राइटने पहिल्याच इनिंगला योर्दानो व्हेंचुराला दोन रनचा होम रन मारला, एकूण ४ आरबीआय, मेट्स ९-३ ने जिंकले. फॅन लोकांच्या आठवणीत तो होम रन आहे.

मला मात्र त्याच सिरीजमधला दुसरा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. १ नोव्हेंबर, पाचवी मॅच, नववी इनिंग (एरवी मॅच इथेच संपते), मेट्स २-१ ने पुढे, कॅन्सस सिटी रॉयल्सचा एरिक हॉस्मर थर्ड बेसवर, एक आउट. साल्वादोर पेरेझने बॉल डाव्या बाजूला जमिनीवरून मारला, शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फील्डरच्या) पुढ्यातून राइटने तो उचलला, हॉस्मरकडे एक नजर टाकली, आणि फर्स्ट बेसला थ्रो केला. पेरेझ आउट. पण राइटच्या हातातून बॉल सुटला त्याच क्षणी हॉस्मर होम प्लेटकडे सुटला, फर्स्ट बेसवरच्या लुकास डुडाने परत होमला फेकला आणि तो थ्रो कॅचरच्या (आपल्या विकेटकीपरसारखा) आवाक्याबाहेर गेला, २-२. मग मॅच बाराव्या इनिंगपर्यंत लांबली आणि रॉयल्स ७-२ ने जिंकले, वर्ल्ड सिरीज संपली.

दोष डुडाच्या थ्रोला दिला जातो आणि तो बरोबरच आहे, थ्रो सरळ गेला असता तर हॉस्मर आउट होता. पण हॉस्मरने एवढा जुगार खेळायची हिंमत का केली ते बघा. राइट तेव्हा वरून जोरात फेकतच नव्हता, पाठ आणि खांदा वाचवायला हात खाली आणून, बाजूने, अलगद फेकायचा, आणि असा बॉल १२७ फूट जायला जास्त वेळ घेतो. तो जास्तीचा वेळ रॉयल्सनी वापरला. २००७ च्या राइटसमोर हॉस्मर पळाला असता का? मला नाही वाटत. स्टेनोसिस स्कोअरबोर्डवर कुठे दिसला असेल तर त्या थ्रोमध्ये, हे माझं वाचन, पटलं नाही तर सोडून द्या.

दुसरा रस्ता होता का

२०१६ मध्ये ३७ मॅचेस, ०.२२६, ७ होम रन, आणि साधारण दर तिसऱ्या वेळेला स्ट्राइकआउट, म्हणजे बॉल न मारताच आउट. २७ मे नंतर बंद. मानेतली डिस्क सरकलेली, जूनमध्ये मानेचे मणके जोडायचं ऑपरेशन. २०१७ च्या सप्टेंबरात खांद्याचं, ऑक्टोबरमध्ये पाठीचं.

इथे सगळे विचारतात की त्याला फर्स्ट बेसला का नाही हलवलं? प्रश्न बरोबर आहे आणि त्याला एक नमुनाही आहे, तोही राइटच्या गावाशेजारचाच. रायन झिमरमन, वॉशिंग्टन नॅशनल्सचा थर्ड बेसमन, व्हर्जिनियाच्या त्याच समुद्रकाठच्या पट्ट्यातला, राइटबरोबर पोरवयात खेळलेला. त्याचा खांदा गेला, थ्रो जाईना, टीमने त्याला आधी लेफ्ट फील्डला आणि २०१५ पासून फर्स्ट बेसला टाकलं, आणि २०१९ ला त्याने वर्ल्ड सिरीज जिंकली. पण झिमरमनचा प्रॉब्लेम खांद्याचा होता, बॅट फिरवायला तो मोकळा होता. राइटची मान आणि पाठ, म्हणजे फर्स्ट बेसला उभं राहूनही प्रत्येक खाली आलेला थ्रो वाकूनच उचलायचा.

खरा पर्याय होता डेझिग्नेटेड हिटर, फील्डिंग न करता फक्त बॅटिंग. पण मेजर लीगचे दोन भाग, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग, आणि ती सोय तेव्हा फक्त अमेरिकन लीगमध्ये, १९७३ पासून. मेट्स नॅशनल लीगमध्ये, तिथे हा नियम कायमचा आला २०२२ ला. सहा वर्षं उशीर झाला. आता बॅटिंगचा पीळ मानेला सोसला असता का हे वेगळं, पण निदान वर्षाला शंभर मॅचेस तरी करून बघता आल्या असत्या. नियमाच्या एका ओळीमुळे काही लोकांची करिअरं लांबतात आणि काहींची नाही.

विमा

परत येऊ ऑगस्ट २०१८ कडे, कारण इथेच सगळ्यांचे हितसंबंध समोरासमोर आले.

राइट स्वतः रिटायर झाला असता तर पुढच्या दोन वर्षांचे, २०१९ चे १ कोटी ५० लाख आणि २०२० चे १ कोटी २० लाख, असे २ कोटी ७० लाख डॉलर सोडावे लागले असते. त्यामुळे तो ‘रिटायर’ हा शब्द वापरू शकत नव्हता. क्लबला तो बाहेर राहिलेला परवडत होता. विमा कंपनीला तो खेळलेला परवडत होता, कारण खेळतोय म्हणजे अपंगत्व नाही. म्हणजे बघा, त्याच्या मैदानात उतरण्याची सगळ्यात जास्त गरज पैशाच्या हिशोबात कोणाला असेल तर ती त्या कंपनीला.

सीझन सहा महिन्यांचा, २ कोटी पगार, म्हणजे दिवसाला साधारण एक लाख डॉलर. ऑगस्टच्या मध्यावर राइटला टीममध्ये घेतलं असतं तर सीझन संपेपर्यंत पंचेचाळीसेक दिवस, विम्याचा ७५ टक्के हिस्सा धरला तर तीस ते पस्तीस लाख डॉलर क्लबच्या खिशातून. क्लबने अखेर त्याला घेतलं २५ सप्टेंबरला, सीझन संपायला सहा दिवस असताना. म्हणजे नुकसान पाच लाखांच्या आतबाहेर. हा हिशोब माझा आहे, क्लबने कधी असं सांगितलं नाही, ते शेवटपर्यंत मेडिकल कारणच देत राहिले. आणि खरं सांगायचं तर मेडिकल कारण खोटं नव्हतंच, मायनर लीगमध्ये तो चाचपडत होता, हे त्यालाही दिसत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, माणूस खरोखर अनफिट आणि त्याचं अनफिट असणं सोयीचं. असंच काहीसं दोन वर्षांपूर्वी टेक्ससमध्ये प्रिन्स फील्डरचं झालं होतं, मानेची दोन ऑपरेशनं, डॉक्टरांनी खेळायला मनाई केली, आणि तोही कागदावर रिटायर न होता थांबला.

१३ सप्टेंबरला राइट पत्रकारांसमोर बसला आणि सांगितलं की शरीर साथ देत नाही, शेवटच्या घरच्या मॅचेसमध्ये खेळणार आणि बास. रडला. २८ तारखेला मायामीविरुद्ध एकदा बॅटिंगला येऊन ग्राउंड आउट. २९ ला थर्ड बेसवरून सुरुवात, शेजारी शॉर्टस्टॉपला होसे रेयेस, तोच जुना जोडीदार, फिरून मेट्सकडे आलेला. पहिल्या वेळेला वॉक मिळाला (चार खराब बॉल पडले की फर्स्ट बेस फुकट), दुसऱ्या वेळेला रेषेबाहेर फाउल उडाला आणि मायामीच्या फर्स्ट बेसमन पीटर ओब्रायनने तो पकडला. बिचाऱ्याने आपलं काम केलं आणि आख्ख्या स्टेडियमने त्याला हुर्यो दिली. पाचव्या इनिंगला राइटला बाहेर घेतलं, पुढे मॅच १३ इनिंग चालून मेट्स १-० ने जिंकले. न्यू जर्सीतून ट्रेनने येऊन सबवेची ७ नंबरची लाइन पकडून तिथे जाणारी आपली मराठी मंडळीही आहेत, ते सांगतील की मेट्स फॅन हा मुळात रडायला तयारच असतो, पण त्या रात्री जरा जास्तच.

जानेवारी २०१९ मध्ये उरलेल्या पैशांची तडजोड झाली, क्लबने त्याला रीतसर रिलीज केलं आणि मालक व जनरल मॅनेजरचा सल्लागार म्हणून ठेवून घेतलं.

हिशोब

१५८५ मॅचेस, १७७७ हिट्स, २४२ होम रन, ९७० आरबीआय, सरासरी ०.२९६, सात वेळा ऑल-स्टार, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवड. रिटायर झाला तेव्हा हिट्स, रन आणि आरबीआय तिन्हीत मेट्सचा ऑल-टाइम नंबर वन. आणि दुसऱ्या बाजूला, २०१४ ते २०२० या सात वर्षांसाठी करारात १२ कोटी ७० लाख डॉलर होते आणि त्याबदल्यात मॅचेस झाल्या २११.

हॉल ऑफ फेमचं, म्हणजे बेसबॉल लेखकांच्या मतदानाने महान खेळाडूंना मिळणाऱ्या मानाचं, बोलायचं तर तो २०२४ ला पहिल्यांदा मतपत्रिकेवर आला आणि त्याच वर्षी त्याच मतपत्रिकेवर दुसरा थर्ड बेसमन होता, एड्रियन बेल्त्रे. दोघांची वयाच्या तिशीच्या सीझनपर्यंतची कामगिरी शेजारी ठेवा. बेल्त्रे १७०० हिट्स, २५० होम रन, पण सरासरी ०.२७०. राइट १५५८ हिट्स, २२२ होम रन, सरासरी ०.३०१, तेही तीनशेहून जास्त मॅचेस कमी खेळून. तिथे थांबवून कोणालाही विचारलं असतं की यातला हॉल ऑफ फेमर कोण, तर बहुतेकांनी राइट म्हटलं असतं. मग बेल्त्रेने पुढच्या नऊ वर्षांत आणखी १४६६ हिट्स मारून ३१६६ वर नेले, आणि राइटने पुढे मारल्या २१९. बेल्त्रेला ९५.१ टक्के मतं, पहिल्याच झटक्यात आत. राइटला ६.२. निवडून यायला ७५ लागतात आणि ५ च्या खाली गेलं की नाव कायमचं कट, म्हणजे थोडक्यात वाचला. २०२५ ला ८.१.

न्यूयॉर्कवाल्यांना हे नवं नाही. यँकीजचा कॅप्टन डॉन मॅटिंग्ली, १९८५ चा एमव्हीपी (लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू), त्याचीही पाठ गेली, त्याचेही होम रन २२२ वर थांबले, पंधरा वर्षं मतपत्रिकेवर राहिला आणि लेखकांच्या मतदानात पहिल्या वर्षीच्या २८.२ टक्क्यांच्या वर कधी गेला नाही.

१९ जुलै २०२५ ला मेट्सनी ५ नंबरची जर्सी कायमची रिटायर केली, म्हणजे तो नंबर आता दुसऱ्या कोणाला नाही. तो मान त्याचाच होता, त्यात दुमत असायचं कारण नाही. हॉल ऑफ फेमबद्दल मात्र मला मत असतं तर मी दिलं नसतं. तिथे जे झालं ते मोजतात, होऊ शकलं असतं ते नाही, आणि एकदा ते दार उघडलं की दुखापतीने संपलेल्या प्रत्येकाला आत घ्यावं लागेल, मॅटिंग्लीपासून सुरुवात करून. पण सँडी कूफॅक्स हा पिचर तिसाव्या वर्षी हाताच्या दुखण्यामुळे थांबला आणि तरी आत आहे, हे उदाहरण कोणी तोंडावर फेकलं तर माझ्याकडे त्याला एकच उत्तर आहे, की कूफॅक्सची शेवटची चार वर्षं ही पिचिंगच्या इतिहासातली सगळ्यात भारी चार वर्षं होती आणि राइटची सगळ्यात भारी चार वर्षंही तेवढी उंच नव्हती. दरवर्षी ५ टक्क्यांच्या वर राहिला तर त्याचं नाव २०३३ पर्यंत मतपत्रिकेवर असेल.